एका घराचं एक नाव

रुशाका, रविवार, ९ ऑक्टोबर १९८८

आज साडेसातला चॅपेलमध्ये प्रार्थना झाली. फादर महिन्यातून एकदाच येतात आणि आजचा रविवार त्यांचा नव्हता, म्हणून वाचन आणि प्रवचन दोन्ही सिल्वेस्तर मास्तरांनी केलं. एकतीस माणसं होती. नंतर मास्तरांनी पॅरिशहून सायकलवर आणलेली पत्रं नावं पुकारून वाटली. माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठले नाही. मला कुणी पत्र लिहीत नाही.

"मा अवलेरिया, झोप लागली काय? इतकं वाईट नव्हतं हो माझं प्रवचन," मास्तर म्हणाले. "सेंगेरेमाहून आलंय."

तेव्हा सगळ्यांनी वळून पाहिलं. तळ्यापलीकडे सेंगेरेमात माझं कोण आहे हे रुशाकात सगळ्यांना माहीत आहे.

लेओंतिना ताई, येशू ख्रिस्ताची स्तुती असो. तुझं पत्र मिळालं. दोन वर्षांत हे पहिलंच.

घरी आणून वाचलं. दोन पानं आहेत. पहिलं वाचलं आणि दुसरं परत पाकिटात घातलं. तेही वाचीन, पण आज नाही.

पहिल्या पानावरून मला समजलं ते असं. होडी बुडाली त्या दिवशी इव्होदियस बुडाला नव्हता. तो कासारा बेटावर दुसरं नाव घेऊन जाळी दुरुस्त करत, मासळी विकत राहिला. यंदा मार्चमध्ये आजारी होऊन तुझ्या दारात आला आणि १४ ऑगस्टला तुझ्याजवळच वारला, या वेळी खरोखरच. एकुलत्या एका मुलाचं दुःख तुला दोनदा करावं लागलं. यावर काय लिहितात ते मला माहीत नाही. मला वाईट वाटलं, एवढं लिहिते.

तू लिहितेस की गेल्या वर्षी मृतांच्या दिवशी प्रार्थनेच्या यादीत माझ्या घरानं त्याचं नाव दिलं होतं, हे त्याला बेटावर कळलं. तेव्हा तो खूप रडला. मरताना म्हणाला, "धाकट्या आईनं मला माफ केलं, तर आता देवाला काय अवघड आहे." तू माझे आभार मानतेस. आणि यंदाही माझ्या घराचं नाव त्याचंच असावं असं मागतेस, कारण तिकडे तुला कुणी ओळखत नाही आणि इकडच्या यादीतून तुझं घर निघून गेलंय.

यादी एकोणतीस तारखेपर्यंत फादरांकडे पाठवायची आहे. प्रार्थना-गटाची चिटणीस अजून मीच आहे. विचार करून कळवते.

इथे सगळे बरे आहेत.

तुझी बहीण,
अवलेरिया


गुरुवार, १३ ऑक्टोबर

ताई,

रविवारचं पत्र टाकलं नाही. "इथे सगळे बरे आहेत" हे वाक्य पुन्हा वाचलं आणि टाकवेना. माझ्या घरात सगळे म्हणजे मी.

आज यादीसाठी घरोघर जायला सुरुवात केली. मृतांच्या मिस्सेचा, त्या दिवशीच्या चर्चमधल्या प्रार्थनेचा, नियम अजून तोच आहे. एका घराला एक नाव. नाव वाचलं की त्या घरातल्या कुणीतरी उठायचं, मोठ्यानं "आमचा" किंवा "आमची" म्हणायचं, मग त्या नावाची मेणबत्ती लागते. कुणी उठलं नाही तर मेणबत्ती तशीच राहते. बाबांच्या वेळी हा नियम झाला तेव्हा तू हसली होतीस, की आता मेलेल्यांनासुद्धा पाळी लावली. पण नियम नव्हता तेव्हा नावं दुपारपर्यंत संपत नसत आणि फादरांना पुढच्या गावी जायचं असे.

मा जुस्ताकडे गेले. ती अजून दर आठवड्याला बेटावरून सुकी मासळी आणते. तिचे पाच जण गेलेत, त्यामुळे तिचा दर वर्षी गोंधळ.

"बस गं. यंदा कोणाला घेऊ सांग. थोरल्या नवऱ्याला दोनदा झालं. धाकट्याला एकदाच, पण तो जिवंतपणी तरी कुठे चर्चला यायचा? माझी माणसं उभी असतात बघ, साखरेच्या रांगेत असल्यासारखी. पुढचा हलत नाही आणि मागचा शिव्या देतो."

मी म्हटलं, "कुणाचंही दे, पण आज दे."

"आईचं लिही. आई शिव्या देत नाही." मग तिनं दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "त्याच्या आईचं पत्र होतं ना? गेला ना तो?"

मी मान हलवली.

"मला वाटलंच होतं. फेब्रुवारीत पाहिला तेव्हा अंगावर कापड तेवढं राहिलं होतं. तुझ्या मिस्सेचं मीच सांगितलं होतं त्याला, गेल्या डिसेंबरात. रडला गं, जाळ्यात तोंड घालून रडला. मीही रडले. आणि डोळे पुसून मेल्यानं मासळीचा भाव वाढवला तो वाढवलाच!" ती हसली, मग माझा हात धरला. "पण तू काय डोकं चालवलंस अवलेरिया! मी तुला सांगितलं की तो जिवंत आहे, आणि महिन्याच्या आत तू त्याला चॅपेलमध्ये सगळ्यांसमोर मेलेला करून टाकलास. मग कोण शोधायला जातोय? ही अक्कल मला सुचली नसती."

ताई, यातलं तुला एक माहीत नव्हतं. गेल्या ऑक्टोबरात जुस्तानं मला सांगितलं होतं की इव्होदियस जिवंत आहे. मी त्याचं नाव दिलं तेव्हा मला ते ठाऊक होतं.

जुस्ताला वाटतं मी त्याला लपवलं. गावाला वाटतं मी त्याला माफ केलं. मी तिच्याकडून निघाले आणि पुढच्या चार घरांची नावं लिहिली. माझ्या घरासमोरची ओळ कोरी आहे.

अवलेरिया


बुधवार, १९ ऑक्टोबर

ताई,

आज दुसरं पान वाचलं.

तू ते का लिहिलंस? लिहिलं नसतंस तर मी कधी विचारलं नसतं. तो मरताना तुला सांगून मोकळा झाला, तू मला लिहून मोकळी झालीस. आता ते माझ्याकडे आहे आणि मी ते कुणाकडे देऊ?

त्यानं होडीत कॉफीची पोती चोरून भरली होती हे मला आधीपासून माहीत होतं. पोती तळाला आणि माणसं वर. ते मी दोन वर्षं माहीत असून जगले. पण तरंगायला रिकामा डबा त्याच्या हातात होता, आणि तो डबा छातीशी धरून पोहत असताना मागून माझ्या पोरीनं, जोवितानं त्याला "इव्हो" म्हणून हाक मारली, तीनदा मारली, आणि तो वळला नाही, हे मला माहीत नव्हतं. तिसऱ्या हाकेनंतर हाक आली नाही असं तू लिहिलंस. तुझं अक्षर तिथेही सरळ आहे.

ती एकोणीस वर्षांची होती. म्वान्झाला नर्सिंगच्या शाळेत चालली होती. मी तिला नवा टॉवेल दिला होता. तू हे सगळं जाणतेस, तरी लिहिते.

आता माझंही ऐक.

काही वर्षांपूर्वी वरच्या आळीतल्या एका सुनेनं यादीत सासूचं नाव दिलं होतं, आठवतं? सासू स्वतः दुसऱ्या बाकावर बसलेली. मास्तरांनी नाव वाचलं, आणि म्हातारी काठी टेकून उठली आणि म्हणाली, "हजर आहे! अजून आहे!" सगळं चॅपेल हसलं. तेव्हापासून मास्तर दर ऑक्टोबरात सांगतात, "जिवंत माणसांची नावं देऊ नका. भांडण असेल तर पंचांकडे जा, वेदीकडे आणू नका." लोक हसतात. पण ते का सांगतात हे हसणाऱ्यांनाही माहीत असतं. आजी आपल्याला काय सांगायची ते तू विसरली नसशील. जिवंत माणसासाठी मृतांची मिस्सा झाली की त्याच्या दिव्यातलं तेल उडतं.

मी दवाखान्यात वीस वर्षं केसपेपर लिहिले. कोण कशानं मरतो हे मी लिहिलेलं आहे. आजीच्या गोष्टीवर माझा विश्वास नाही असं मी कुणालाही सांगितलं असतं. तरी गेल्या वर्षी मी माझ्या घराची ओळ जोविताकडून काढून घेतली आणि तिथे इव्होदियस लिहिलं. ते मी त्याला माफ करून लिहिलं नाही, लपवायलाही लिहिलं नाही. तो मरावा म्हणून लिहिलं.

नाव वाचल्यावर मी उठले आणि "आमचा" म्हटलं. आवाज इतका स्वच्छ आला की मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मिस्सा झाल्यावर बायका माझ्या गळ्यात पडल्या. फादर म्हणाले की अशी क्षमा त्यांनी क्वचित पाहिली आहे. मी मान खाली घातली. त्यांना तेही आवडलं.

नऊ महिन्यांनी तो मेला. तू मला आभाराचं पत्र लिहिलंस.

हेही पत्र मी टाकणार नाही.


सोमवार, २४ ऑक्टोबर

ताई,

काल फादरांचा रविवार होता. मी पापनिवेदनाला गेले. रांगेत माझ्यापुढे आठजण होते आणि प्रत्येक वेळी मी मागच्याला पुढे सोडलं. शेवटी फादरच बाहेर येऊन म्हणाले, "मा अवलेरिया, आता तुमच्यामागे कुणी उरलं नाही. या."

सगळं सांगितलं. तुझ्या दुसऱ्या पानासकट. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "तो कशानं गेला?"

"ताई लिहिते की खोकला होता. सहा महिने. शेवटी रक्त पडायचं."

"तुम्ही दवाखान्यात होतात. हे कशानं होतं?"

"क्षयानं."

"मग?"

"मग काय, फादर? मला ते माहीत आहे. पण मला हेही माहीत आहे की मी मागितलं आणि ते झालं."

ते म्हणाले, "माझ्या मिस्सेनं माणसं मरत असती तर डायोसिसमधले निम्मे लोक माझ्याकडे रांग लावून बसले असते." मी हसले नाही. मग ते जरा चिडून म्हणाले, "तुम्ही नाव लिहिलंत, एवढंच. प्रार्थना मी केली. चाळीस माणसांनी केली. तुमच्या मनात काय होतं ते आम्हाला ठाऊक नव्हतं. आमची खरी होती."

"पण तो जिवंत होता. मृतांसाठी केलेली प्रार्थना गेली कुठे?"

"त्याच्याकडेच गेली. तो तुमच्या जुस्ताकडून ती ऐकून रडला, हे तुम्हीच सांगितलंत ना आता?"

मी म्हटलं, "तो खोट्यावर रडला."

त्यांनी मला पापमुक्ती दिली. मी गुडघ्यावर होते, त्यांनी हात वर केला, शब्द म्हटले. मी उठले आणि मला काहीही वेगळं वाटलं नाही. प्रायश्चित्त काय, असं विचारलं तर म्हणाले, "यंदाचं नाव तुम्ही ठरवा. तेच प्रायश्चित्त."

"तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते लिहिते."

"नाही."

"मग दोन नावं घेऊ द्या. या वर्षापुरती."

"तुम्हाला दोन दिली तर जुस्ता उद्या पाच घेऊन येईल," ते म्हणाले. मग हळू आवाजात, "जोवितासाठी मी माझ्या रोजच्या मिस्सेत प्रार्थना करीनच. इव्होदियससाठीही करीन. पण उभं कोणासाठी राहायचं ते माझ्या हातात नाही."

निघताना मी विचारलं, ताईला लिहू का? ते लगेच म्हणाले, "नको. तिच्या मुलानं जाताना एक गोष्ट बरोबर नेली. ती तिच्याकडून कशाला काढून घेता? तुमचं ओझं उतरावं म्हणून?"

ते बरोबर बोलले असतील. मी घरी आले आणि दिवसभर काही खाल्लं नाही. हे उपास म्हणून नाही, लक्षात राहिलं नाही.

जोविता वाईट नव्हती. पण ती रविवारी चर्चला जायला कंटाळायची, त्या वर्षी तिनं एकदाही पापनिवेदन केलं नव्हतं, आणि मी तिला त्यावरून बोलत असे. पाण्यात तिला वेळ मिळाला असेल का? शुद्धिस्थानात, स्वर्गाच्या अलीकडे, ती माझी वाट पाहत असेल आणि मी दुसऱ्याच कुणासाठी उभी राहत असेन, तर ती काय म्हणेल? गेल्या वर्षी मी तिची मेणबत्ती घेऊन तिच्या भावाला मारायला गेले. यंदा पुन्हा तिचीच घेऊ?

आणि तो. त्याला कुठे ठेवलं असेल? तो माझ्याकडे दोन वर्षं शाळेला होता. अक्षरं मी शिकवली. "इ" उलटा काढायचा. मला तो आठवू नये असं वाटतं.

मी सकाळपासून "हे आमच्या स्वर्गातील बापा" म्हणायला बसते आणि क्षमेच्या ओळीशी येऊन थांबते. पुढे जाता येत नाही आणि मागेही.


शुक्रवार, २८ ऑक्टोबर

ताई,

वर लिहिलेली चारही पत्रं या पाकिटात आहेत. आज मास्तर पॅरिशला चाललेत, त्यांच्याकडे देते. यादीही देते.

फादर नको म्हणाले होते ते वाचलंस. मी त्यांचं ऐकलं नाही. तुझ्याकडून ती एक गोष्ट काढून घेते आहे हे मला कळतं. पण तू मला यंदाही त्याच्यासाठी उभी राहायला सांगतेस, ते गेल्या वर्षीच्या अवलेरियाला सांगतेस. तशी बाई कधी नव्हतीच. तुला न सांगता उभी राहिले तर पुन्हा तसंच होईल, तेच उभं राहणं, तोच स्वच्छ आवाज. ते मला जमणार नाही. जमेल, म्हणूनच नको.

आणखी एक. बुडालेल्या होडीच्या रागानं लोकांनी तुझी केळीची बाग कापली त्या सकाळी मी माझ्या दारात उभी होते. मी कोयता उचलला नाही. "थांबा" असंही म्हटलं नाही. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी आत गेले. नंतर तू निघून गेलीस तेव्हा मला वाटलं होतं, बरं झालं.

नाव मी असं ठरवलं. ठरवलं म्हणण्यापेक्षा दुसरं काही उरलं नाही.

मंगळवारी मी जोवितासाठी उभं राहायचं पक्कं केलं होतं. ओळीत तिचं नाव पेन्सिलीनं लिहिलंही. मन जरा हलकं झालं. कपडे धुवायला तळ्यावर गेले, पिळे मारत होते, आणि एकदम ध्यानात आलं की आता इव्होदियस हाक मारतो आहे. तुझ्या तोंडून मारतो आहे, पण तोच. आणि माझ्याजवळ एकच मेणबत्ती आहे, ती मी छातीशी धरून पुढे चालले आहे.

मला हे समजायला नको होतं. मी तिथेच धुणं टाकून बसले. खूप राग आला. त्याचा, तुझा, फादरांचा. ज्यानं वळून पाहिलं नाही त्याच्यासाठी मीच का वळायचं? आणि माझ्या पोरीनं पुन्हा थांबायचं, का, तर ती चांगली होती म्हणून? जी हाक मारत राहिली तिनंच? ताई, यात मला न्याय कुठेच दिसत नाही. तुला दिसला तर सांग.

घरी येऊन पेन्सिलीचं खोडलं. शाईनं इव्होदियस लिहिलं.

हे मी त्याच्यावरच्या प्रेमानं केलं असं समजू नकोस. मला त्याचा अजून तिटकारा आहे. काल रात्रीपेक्षा आज कमी नाही. फक्त त्याच्यासारखं व्हायचं नाही, एवढंच आहे माझ्याकडे. प्रार्थनेला एवढं पुरतं का, मला माहीत नाही.

तू हे वाचून मला शाप दिलास तर तो बरोबर असेल. पण एक मागते. तिकडच्या चर्चमध्ये तुला कुणी ओळखत नसेल, तरी एक नाव देता येत असेल. जोविताचं दे. देऊ नये असं वाटलं तर देऊ नकोस.

अवलेरिया


बुधवार, २ नोव्हेंबर

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. पाकीट अजून तळ्याच्या याच काठाला असेल. तरी आजचं आजच लिहिते.

सकाळी नऊला मिस्सा झाली. फादर आले होते. माणसं साठाच्या वर असतील, भिंतीला टेकूनही उभी होती. वेदीसमोरच्या फळीवर बावीस मेणबत्त्या होत्या. तुझं घर असताना तेवीस असत.

नावं मास्तर वाचत होते. माझं घर पंधरावं. चौदाव्याला जुस्ता उठली आणि आईसाठी "आमची!" म्हणून ओरडली, इतकी की पुढचं बाळ रडायला लागलं. मग मास्तरांनी वाचलं, "इव्होदियस."

कुणी काही कुजबुजलं नाही. गेल्या वर्षीही तेच होतं, त्यांना सवय झाली आहे. दोन बायकांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली.

मी उठले. तोंड उघडलं आणि आवाज आला नाही.

गेल्या वर्षी खोटं म्हणताना तो घंटेसारखा आला होता. आज काही नाही. शब्द होता, जागेवर होता, पण हलेना. मास्तर थांबले. मग त्यांनी पुन्हा वाचलं, "इव्होदियस," आणि चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

मागून जुस्ता म्हणाली, "बाई गं, म्हण की. लोकांना घरी स्वयंपाक आहेत."

कुणीतरी हसलं. मी पुढचं बाक धरलं होतं. माझ्या तोंडून जे आलं ते असं आलं, "लेओंतिनाचा."

तुझं नाव त्या चॅपेलमध्ये दोन वर्षांत कुणी घेतलेलं नाही. ज्यांनी तुझी बाग कापली ते तिघंही तिथे होते. एकानं मान खाली घातली, दोघांनी घातली नाही.

मास्तर गोंधळले. "तसं चालत नाही, मा अवलेरिया," ते म्हणाले, पण हळू. "ज्या घराची ओळ त्या घरानंच म्हणायचं असतं. तुमचा आहे की नाही?"

मी फादरांकडे पाहिलं. ते वेदीकडे तोंड करून उभे होते, वळले नाहीत. मला वाटतं मुद्दामच.

"आमचा," मी म्हटलं. दबका, घोगरा आवाज आला. पहिल्या बाकावरच्यांना तरी ऐकू गेला की नाही कोण जाणे. मास्तरांना गेला. त्यांनी मेणबत्ती लावली आणि पुढचं घर वाचलं.

मी बसले. माझ्या मनात त्या वेळी प्रार्थना नव्हती. क्षमाही नव्हती, मी शोधली. पाय दुखत होते. जोविताचं नाव आज वाचलं गेलं नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. हे मीच केलं आहे आणि याबद्दल तिला काय सांगायचं ते माझ्याजवळ नाही. मेणबत्त्या संपेपर्यंत मी फळीकडे पाहत होते. त्याची जरा वाकडी जळत होती, एका बाजूनं मेण वाहून गेलं. सर्वांत शेवटी विझली ती ओळीतली दुसरीच कुणाची तरी होती.

या वेळी कुणी गळ्यात पडलं नाही. दारात मास्तर भेटले, म्हणाले, "तब्येत बरी नाही का?" मी म्हटलं, "बरी आहे." जुस्ता माझ्याबरोबर वळणापर्यंत आली. तिनं काही विचारलं नाही, हे तिला किती अवघड गेलं असेल ते तू ओळखतेस. वळणावर फक्त म्हणाली, "कसला आवाज गं तो. मेलेला दचकला असता." आणि गेली.

घरी आले, कपडे बदलून खुंटीला लावले. अंगणात ऊन होतं म्हणून सूप घेऊन तिथेच बसले आणि उद्यासाठी राजमा निवडला. खडे बरेच निघाले. ते कुंपणापलीकडे टाकले, राजमा पातेल्यात घातला आणि वर पाणी ओतलं.